आधी बोला, मग बघा

वहिनी, कापूर पाण्यावर का पळतो, ते मला कळलं.

वर्गात विचारायचा धीर झाला नव्हता. तास संपल्यावर प्रोफेसर हाताचा खडू पुसत होते, तेव्हा टेबलापाशी जाऊन उभा राहिलो आणि एका दमात विचारून टाकलं. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी वसतिगृहापर्यंत जवळजवळ पळतच आलो. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. घरी गेलो की हातपाय धुवायच्या आधी तुला सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. खोलीच्या दाराशी तारवाला उभा होता.

तू अत्यवस्थ आहेस, असं दादाने कळवलं होतं. आपल्या घरी कुणी आजारी पडलं तर निरोप यायचा, तार कधी कुणी केली नव्हती. तेवढ्यावरून मला समजायला हवं होतं. पण खरं सांगतो, पुण्याला गाडीत बसल्यावर मला भीती वाटलीच नाही. तुला ताप आला असेल, तू पडून असशील, मग तुझ्या उशाशी परात मांडून बसू, असं मी ठरवत होतो. तळेगाव आलं, तुझं माहेर, तेव्हाही मी मनात कापराचंच घोकत होतो. लोणावळ्याला उतरून वळवणच्या वाटेला लागलो. धरणाच्या अलीकडे आपल्या आळीतला एक जण समोरून आला. तो म्हणाला, "सदा, घरी जाऊ नगंस. नदीवर जा."

मी त्याला विचारलं, "नदीवर कशाला?"

त्याने माझ्या हातातली वळकटी घेतली आणि माझ्याबरोबर उलटा चालू लागला.

नदीवर पोचलो तेव्हा दादा पाठमोरा उभा होता आणि चिता अर्धी जळून गेली होती. मी तुझं तोंडही पाहिलं नाही. म्हणून असेल, अजून मला हे खरं वाटत नाही. आता लिहितानासुद्धा स्वयंपाकघरात भांडं वाजलं की मी मान वर करतो.

काय झालं ते दादाने नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. सकाळी तू सरपण काढायला मागच्या दारी गेलीस. ढिगात हात घातलास आणि पान लागलं. सापाचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, पान लागलं म्हणतात. दादा रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्याने वरच्या बाजूला दंड करकचून बांधला, गाडी जुंपली, लोणावळ्याच्या दवाखान्याची वाट धरली. दवाखाना दिसायच्या आधीच तू गेलीस. तार त्याने त्यानंतर केली, 'गेली' असं त्याला लिहवलं नाही. वाटेत तू एकदाच नीट बोललीस म्हणे. "चुलीवर दूध आहे, उतू जाईल." दादा हे सांगतो आणि थांबतो. तेवढंच पुन्हा सांगतो. आमची आई त्या वेळी गाडीमागे धावत होती, दुधाकडे कुणी पाहिलं नाही. ते उतू गेलं. चुलीच्या कडेला त्याचा करपलेला डाग अजून आहे.

भेटायला येणाऱ्या बाया म्हणत होत्या, भाग्याची, अहेव गेली. नवऱ्याच्या आधी गेलीस म्हणून भाग्याची. मी उठून बाहेर जाऊन बसलो. तुझ्या मुलीला, कमळला, अजून वेणी घालता येत नाही, वहिनी. ह्यात भाग्य कुठे आहे, मला कुणीतरी सांगा.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. चड्डीची नाडी धड बांधता येत नव्हती आणि तू मला "अहो भावजी" म्हणायचीस. मी तुला सरळ अगं-तूगं करायचो. आई रागवायची, थोरल्या भावजयीला असं बोलतात का. तू म्हणालीस, "असू द्या आई. मी त्यांना अहो म्हणते, ते मला अगं म्हणतात. फिट्टंफाट." ते तसंच राहिलं. कॉलेजात पहिल्यांदा कुणी मला 'तुम्ही' म्हणालं तेव्हा बाकीची मुलं बावरली. मी बावरलो नाही. मला सवय होती.

तळेगावच्या शाळेत तुमच्या बाईंनी एकदा भांड्यातल्या पाण्यावर सुई तरंगवून दाखवली होती. चौथीनंतर तुझी शाळा सुटली, पण ती सुई तू विसरली नाहीस. आल्या वर्षीच दिवाळीनंतरच्या एका दुपारी तू मला परात आणायला सांगितलंस. पिंपळाच्या पानावर सुई ठेवलीस, पान पाण्यात हळूच दाबून बुडवलंस, आणि सुई वर राहिली. मी ओरडणार तेवढ्यात तू तोंडावर बोट ठेवलंस. "आता ह्याच्यात साबणाचं बोट बुडवलं तर काय होईल? आधी बोला, मग बघा."

तो तुझा नियम. आधी बोलायचं. जे वाटेल ते, पण तोंडाने, सगळ्यांसमोर. चुकीचं बोललं तर कुणी हसायचं नाही. जो हसेल त्याला परात घासायला. 'माहीत नाही' म्हटलेलं चालायचं, पण ते खरं असलं तरच. आणि तू स्वतः कधी आधी करून बघायची नाहीस. मी म्हणायचो, आधी एकदा करून बघ, फजिती होईल. तू म्हणायचीस, "होऊ दे की. मला आधीच ठाऊक असेल तर मी तुमच्यासारखी कशी बसणार?"

हळूहळू आळीतली पोरं जमायला लागली. पाण्यावर मिरपूड भुरभुरवायची आणि मधे साबणाचं बोट टेकवायचं, की मिरपूड चहूकडे पळायची. रिठ्याचा फेस आणि साबणाचा फेस शेजारी-शेजारी ठेवून कोण जास्त वेळ टिकतो ते बघायचं. पपईच्या देठाची नळी करून फुगे सोडायचे. त्या नळीतून साबणाचं पाणी तोंडात गेलं की प्रत्येक पोर थुंकायचं आणि पुन्हा नळी तोंडात घालायचं. भोवतीच्या बाया तुला टोमणे मारायच्या, सुनेचं काम आटपत नाही आणि पोरांत पोर होऊन बसते. तू म्हणायचीस, काम आटपलंय, परातच घासतेय.

घरात साबण यायचा तो दादासाठी. इंजिनशेडातली काजळी राखेने निघत नाही. पण आमची आई माळकरी. साबणात चरबी असते, तो चुलीपाशी आणायचा नाही, हे तिने पहिल्याच दिवशी बजावलेलं. तू वाद घातला नाहीस. साबणाचा तुकडा करवंटीत घालून मागच्या पडवीत ठेवलास आणि स्वतः उंबऱ्याच्या आत बसायला लागलीस. साबण पडवीत, परात उंबऱ्यावर, तू आत, पोरं बाहेर. आई चुलीपुढून म्हणायची, "म्हंजी ह्यो उंबरा कुनाचा?" तू म्हणायचीस, "त्याचं अजून ठरलेलं नाही, आई." आई तोंड फिरवायची, पण तिचे खांदे हलताना मी पाहिले आहेत.

कापराचा वाद आपला. देव्हाऱ्यातल्या कापराचा कण पाण्यावर सोडला की तो गरगर फिरायचा, पळायचा, वेडावल्यासारखा. साबण लागला की जागच्या जागी थंड. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो, मला वाटायचं मला सगळं येतं. मी म्हणालो, कापूर विरघळतो म्हणून पळतो. तू म्हणालीस, "मीठही विरघळतं. ते का पळत नाही?" मी म्हणालो, ते जड असतं. तू म्हणालीस, "म्हणजे हलकं ते पळतं? मग पीठ का पळत नाही?" मी पुस्तकातला एक मोठा शब्द फेकला. तू शांतपणे म्हणालीस, "भावजी, हे नाव झालं. नाव नको, कारण सांगा." मला राग आला. नाव ठाऊक असल्याशिवाय कारण सापडत नाही, असं मी म्हणत राहिलो, आणि अजूनही मला ते थोडं खरं वाटतं. त्यावर तुझं काय उत्तर होतं? तू हसून भाकऱ्या थापायला गेलीस. पुढच्या सुट्टीत बघू, म्हणालीस.

तर कारण असं आहे, वहिनी. पाण्याच्या वरच्या थराला ताण असतो, पिंपाच्या तोंडाला फडकं ताणून बांधावं तसा. त्याच्यावरच सुई पडून राहते. कापूर ज्या बाजूने विरघळतो, तिकडचा ताण सैल पडतो. दुसऱ्या बाजूचा असतो तसाच असतो, ती बाजू कापराला आपल्याकडे ओढते. मिठाने ताण सैल होत नाही. साबण मात्र सगळ्या पाण्याचाच ताण सैल करून टाकतो. मग सगळीकडून ओढ सारखी, कापराने जायचं कुणीकडे? सांगितलं. उशिरा सांगितलं. मिठावरून तू मला अडवलंस ते बरोबर होतं.

ह्याचा घराशी, माणसांशी काही अर्थ जोडावा असं मनात येतं, पण जोडत नाही. तुला असलं आवडायचं नाही. पाण्याचं पाण्यालाच राहू द्या, म्हणाली असतीस.

आता जे सांगायचं आहे ते दसऱ्याचं. तेव्हा मी दोन दिवस घरी आलो होतो. दुपारी तू वाटीत हळदीचं पाणी केलंस, कमळला साबणाचं बोट त्यात बुडवायला लावलंस, आणि पाणी लालभडक झालं. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, पण तो वाटीभर बघायला वेगळाच दिसतो. कमळ टाळ्या पिटत म्हणाली, आईने कुंकू केलं. तिने त्यात बोट बुडवून तुझ्या कपाळाला टिळा लावला आणि उरलेलं मोरीत ओतून दिलं. त्याच वेळी आई मागच्या दाराने आत आली.

आईचा चेहरा मी विसरणार नाही. आबा गेले आणि आईचं कुंकू गेलं, तेव्हापासून घरात कुंकू लावणारी बाई तू एकटी. आई म्हणाली, "चरबीचं कुकू कपाळाला लावलं. वर मोरीत ओतलं. दसऱ्याच्या दिशी." तू कपाळ धुतलंस, म्हणालीस, "आई, ते कुंकू नव्हेच. हळदच आहे ती. लिंबू पिळलं की परत पिवळी होते, दाखवते तुम्हाला." घरात लिंबू नव्हतं. मग पाहुणे आले, सोनं वाटायचं होतं, ते राहून गेलं. मग मी पुण्याला गेलो.

आणि दिवाळीच्या तोंडावर तू गेलीस.

दहाव्याला बाया बसल्या होत्या, तेव्हा आई रडता रडता म्हणाली, "दसऱ्याला कुकू मोरीत ग्येलं, तवाच माज्या काळजात धस्स झालं हुतं." बायांनी माना डोलावल्या. मी पडवीत होतो. मला वाईट वाटलं, राग आला, आणि नेहमीसारखा मी गप्प बसलो. आईला दुःखात काय बोलायचं? तिने करवंटी साबणासकट उचलून माळ्यावर टाकली होती. म्हणाली, ह्या घरात आता त्या गमती नकोत. मी त्यालाही काही बोललो नाही. घर तिचं, दुःख तिचं, आणि मी चार दिवसांनी पुण्याला जाणारा.

मग माझ्या लक्षात आलं की कमळ नीट जेवत नाही. भाकरी हातात धरते, पण घास मोडत नाही. उजव्या हाताचं एक बोट ती कायम मुठीत दुमडून ठेवते. मला वाटलं काही लागलं असेल. मूठ सोडवली तर त्या बोटाची कातडी सोलवटलेली. भिंतीवर घासून घासून तिने तसं केलं होतं. मी विचारलं, पुन्हा विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "काका, म्या टिळा लावला म्हनून आई मेली का?"

वहिनी, तार आली तेव्हा मला काही झालं नव्हतं. नदीवरही मी उभा होतो. त्या वेळी मात्र मी तिथेच भुईवर बसलो. नाही गं, वेडी का तू, असं बरंच म्हणालो. ती ऐकून घेत होती, जसं मोठ्यांचं ऐकून घेतात तसं. तिच्या आजीने सगळ्या बायांसमोर सांगितलं होतं, त्यापुढे काकाच्या 'नाही गं'ला काय किंमत?

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून लिंबू आणलं. माळ्यावरची करवंटी काढली. तुझा करंडा आईने पेटीत ठेवला होता, तो मागायला तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"कशाला?" आई म्हणाली.

"बघायचंय काहीतरी. चिमूटभरच."

"तिच्या कुकवाचा खेळ मांडतूस?"

मग मी सांगितलं, कमळ का जेवत नाही ते. बोटाचं सांगितलं. आई चुलीपुढे उकिडवी बसली होती, ती खाली टेकली. बराच वेळ ती राखेत काडीने रेघा ओढत राहिली. "म्या पोरीला न्हाई म्हनलं," ती म्हणाली. "म्या माज्या नशिबाला म्हनलं." मग उठून तिने पेटी उघडली.

मी तुझ्यासारखंच मांडलं. साबण पडवीत, परात उंबऱ्यावर. दोन वाट्या. एकीत हळदीचं पाणी, त्यात कमळने साबण कालवला. तिला ते सोललेलं बोट घालायचं नव्हतं, तिने दुसरं घातलं. पाणी लाल झालं. दुसऱ्या वाटीत तुझ्या करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवलं. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या. दोन्ही लाल, बघणाऱ्याला फरक सांगता येऊ नये इतक्या.

आणि तेव्हा मी लिंबाची फोड हातात धरून थांबलो. साबणाची वाटी पिवळी होणार हे मला ठाऊक होतं. पण कुंकूही हळदीचंच करतात, असं ऐकलेलं. लिंबाने तेही पिवळं झालं तर? मग ह्या दोघींना मी काय सांगणार? दोन्ही एकच होतं, असं? आधी गुपचूप करून बघायला हवं होतं. पण तू कधी तसं केलं नाहीस, आणि आता लिंबू कापून झालं होतं.

मी म्हणालो, "आधी बोला."

कमळ हलक्या आवाजात म्हणाली, "आई म्हनली हुती, पिवळं व्हतं. साबनाचं."

"आणि कुंकवाचं?"

तिने मान हलवली. माहीत नाही. ते खरं होतं.

आई ह्या खेळात कधी बसली नव्हती. तिने दोन्ही वाट्यांकडे पाहिलं. "दोनी तांबडीच ऱ्हातील," ती म्हणाली. "तांबडं झालं त्ये झालं."

तेवढ्यात मागून आवाज आला, "साबनाची पिवळी व्हईल. कुकू न्हाई हलायचं." दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. कधी आला कळलं नाही. त्या दुधाखेरीज दुसरं काही तो आपणहून बोलला, ते तू गेल्यापासून पहिल्यांदाच. तुझ्या गमती चालायच्या तेव्हा तो पडवीत पाठ करून विड्या ओढत बसायचा. आम्हाला वाटायचं, त्याचं लक्ष नाही.

माझी पाळी आली तेव्हा मीही कमळसारखी मान हलवली.

मी आधी साबणाच्या वाटीत लिंबू पिळलं. फेस बसला, साबण नासक्या दुधासारखा फाटून त्याच्या पांढऱ्या गुठळ्या वर आल्या, आणि कडेकडेने लाल ओसरत वाटी पिवळी झाली. निव्वळ हळद. मग दुसरं अर्धं लिंबू कुंकवाच्या वाटीत. सगळं पिळलं. ढवळलं. थांबलो. कुंकू लालच राहिलं.

आईने पुढे सरकून पिवळी वाटी उचलली, बोटाने ढवळली, बोट उन्हात धरून पाहिलं. "हळदच हाय," ती म्हणाली. मग कमळकडे वळून पुन्हा म्हणाली, "हळदच लावलीस तू तुज्या आईला, बाय." ती उठली, मोरीपाशी गेली आणि त्या वाटीतलं सगळं पाणी तिने आपल्या हाताने मोरीत ओतलं. कुंकवाची वाटी तिने तुळशीपाशी नेली.

कमळने मूठ उघडली. लगेच नाही, थोड्या वेळाने. संध्याकाळी तिने अर्धी भाकरी खाल्ली. करवंटी आईने माळ्यावर परत टाकलेली नाही, पडवीत आहे.

उद्या मी पुण्याला जाणार. हे लिहीत बसलो आहे तर कमळ येऊन शेजारी बसली आहे. मघाशी तिने मला विचारलं, साबणाची हळद परत पिवळी झाली, मग कुंकू का नाही झालं. मी म्हणालो, कुंकू करताना त्याच्यात आणखी काहीतरी घालत असतील, त्याचं काही नाव असेल, कॉलेजात विचारून सांगतो.

ती म्हणाली, "नाव नगं काका. कारन सांगा."